कपाटावरची मोठी माशी

शाल्मली पुस्तकांच्या उंच कपाटावर चढून बसली होती आणि आता तिला खाली उतरता येत नव्हतं.

आजोबांच्या जळगावच्या प्रयोगशाळेत हा प्रकार सगळ्यांत आधी टिपणीसने पाहिला. टिपणीस म्हणजे आजोबांचा यंत्रमानव. दिवसभर फळमाश्या (केळ्यांवर घोंघावणाऱ्या त्या इवल्या माश्या) मोजून मोजून त्याला जगातलं सगळंच माशीसारखं दिसायचं.

"डॉक्टर," त्याने वर्दी दिली, "एक मोठी माशी कपाटावर पोचली आहे. प्रकृती उत्तम."

आजोबा हातातलं केळं टाकून धावले. "अगं कार्टे, तिथे काय करतेयस?"

"चाचणी," वरून रडवेला आवाज आला.

घोळ असा झाला होता. शाल्मलीची आई चालताना अडखळायची, तिचे हात थरथरायचे. आजीलाही हाच मेंदूचा आजार होता आणि त्यावर औषध शोधण्यासाठीच आजोबांनी अर्धं आयुष्य माश्यांमागे घालवलं होतं. काल शाळेत शाल्मलीच्या हातून जेवणाचा डबा पडला. झालं! आपल्यालाही तो आजार आहे, असं तिने ठरवूनच टाकलं. मग तिला आजोबांची चाचणी आठवली. माश्यांची काचेची नळी टेबलावर हलकेच आपटायची. माश्या तळाशी पडतात. निरोगी माशी भराभर वर चढते, आजारी माशी खालीच धडपडते. शाल्मलीने आधी रीतसर स्वतःला खुर्चीवरून जमिनीवर पाडून घेतलं आणि मग कपाट गाठलं.

"चढले ना मी! म्हणजे मला आजार नाही ना, आजोबा?"

आजोबांना हसू फुटणारच होतं, पण तिचा चेहरा पाहून ते जिरलं.

"असं नाही कळत, बाळा. आजार असलेली माशीसुद्धा लहानपणी झकास चढते. अडखळते ती वय झाल्यावर."

"ही माशी अजून कोवळी आहे," टिपणीस म्हणाला.

"तू गप रे! हे बघ शाल्मली, आपल्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात. जनुक म्हणजे शरीराला दिलेली सूचना, अमुक प्रथिन असं बनव. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. तुझ्या आईच्या एका प्रतीत चूक आहे. त्यामुळे वेडंवाकडं प्रथिन बनतं आणि मेंदूच्या पेशींत कचऱ्यासारखं साचत जातं. तुला आईची चांगली प्रत मिळाली असेल किंवा चुकीची. दोन्हींची शक्यता सारखीच."

"आणि चुकीची असली तर?" शाल्मलीचा आवाज अगदी बारीक झाला. तिला खूप भीती वाटत होती.

"जनुकाची सूचना पेशीत एक निरोप्या रेणू पोचवतो. आमचं औषध चुकीच्या निरोप्याला वाटेतच अडवतं. निरोप नाही, तर कचराही नाही. म्हाताऱ्या आजारी माश्या त्या औषधाने पुन्हा चढायला लागल्या. तेच औषध आता आईला सुरू केलंय. तुझ्यात काय आहे ते रक्ताच्या तपासणीत कळेल, पण ती करायची की नाही, हे मोठी झाल्यावर तुझं तू ठरव."

एवढ्यात आवाज ऐकून आई शिडी घेऊन आली. आजोबांना उंचीची भीती, टिपणीसचे चिमटे माशी उचलण्यापुरते. आईने शिडी कपाटाला टेकवली आणि दोन्ही हातांनी धरली.

"ये. मी धरलीय."

शाल्मलीने आईच्या हातांकडे पाहिलं. ते अजून थोडे थरथरत होते. तिने सगळ्यांत वरच्या पायरीवर पाय टेकवला. एकेक पायरी करत ती खाली आली. शिडी जागची हलली नाही. शाल्मलीने आईला घट्ट मिठी मारली.

"मोठी माशी उतरली," टिपणीस म्हणाला. "नोंद कुठे करू? निरोगी की आजारी?"

आजोबा त्याच्यावर ओरडणार होते, पण शाल्मलीच आधी बोलली.

"ती जागा रिकामी ठेव, टिपणीस. मोठी झाले की मी सांगेन."