खांबावरची लाल बादली

जरा सरकून बसा रे, वाऱ्याची बाजू सोडा, नाहीतर सगळा धूर डोळ्यांत जाईल. ब्रॉडी, सॉसेज आता पुरे. सकाळपासून ओंडके फोडलेस दहा आणि सॉसेज खाल्लेस चौदा. उद्या सहाला पिकअप निघणार आहेत, तेवढं लक्षात ठेवून पोट भर.

मघाशी इंडीने विचारलं ते मला ऐकू आलं बरं का. म्हाताऱ्याचे कान गेले म्हणता तुम्ही माझ्या पाठीमागे, पण हवं तेवढं येतं ऐकू. फाटकाच्या खांबावर लाल बादली पालथी असली की त्या घरी लाकडं नकोत, असं जर ठरलेलं आहे, तर मग खाली उतरून दार का वाजवायचं? थंडीत उगाच खेप कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण त्याचं उत्तर मला दिवसाउजेडी देता येत नाही.

बादलीची युक्ती माझीच, वीस वर्षांपूर्वीची. आपल्या खोऱ्यातली म्हातारी माणसं कशी आहेत ते तुम्ही बघताच. गारठून जातील, पण 'लाकडं संपलीत, द्या' असं तोंडाने म्हणणार नाहीत. म्हणून म्हटलं, बोलायलाच नको. शाळेच्या सेवा मंडळाची पोरं थंडीत महिन्यातून एकदा लाकडं घेऊन फिरतील. ज्याच्याकडे असतील त्याने खांबावर बादली पालथी घालावी, गाडी पुढच्या घरी जाईल. बादली नसेल तर पोरं आत येतील, लाकडं रचतील आणि जातील. कुणाला मागायला नको, कुणाला नाही म्हणायला नको. मला वाटलं, काय डोकं चालवलं आपण!

तर टेगनची गोष्ट सांगतो. तुमच्यातल्या थोरल्यांनी तिला पाहिलंय. उंच, सडपातळ, हात लांबच लांब. तेराव्या वर्षी मंडळात आली आणि पहिलंच घर तिच्या वाट्याला आलं ते मिलच्या रस्त्यावरचं, क्लॅरी ब्लेकचं. क्लॅरी तेव्हा ऐंशी ओलांडलेला. सगळा जन्म लाकडं कापायच्या सॉ मिलमध्ये गेला, डाव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली. बायको नाही, पोरंबाळं नाहीत. दारात उभा राहून त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाला,

"नेव्ह, ही काडी ओंडके उचलणार? कुणीतरी चुकून हिलाच शेगडीत घालेल."

"आणि तुम्हाला कुणी घालणार नाही काका, तुम्ही ओलं लाकूड. नुसता धूर होईल," टेगन म्हणाली.

म्हातारा असा हसला, की त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून ती 'काडी' झाली. लाकडं रचायला तिला त्यानेच शिकवलं. साल नेहमी वर, म्हणजे पाणी झिरपत नाही. आणि थप्पी पुरी झाली की शेवटचं लाकूड वर आडवं ठेवायचं. संध्याकाळी शेगडीत पहिलं जायचं ते हे आडवं.

"तेच का पहिलं?" तिने विचारलं होतं.

"शेवटी आलंय ना बाहेरून. सगळ्यांत जास्त गारठलेलं तेच."

तीन वर्षं थंडीत दर महिन्याला ती जायची. लाकडं रचून झाली की चहा, आल्याची बिस्किटं आणि पत्त्यांचा एक डाव. पत्त्यांत दोघंही लबाडी करायची आणि दोघंही एकमेकांना बोल लावायची. तिला आजोबा नव्हते, त्याला नात नव्हती. पुढचं मी काय सांगायचं?

मग ते साल आलं, दोन हजार तेवीस. पावसाने जंगलातले रस्ते वाहून गेले, ट्रक वर जाईनात. गावच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून मीच सांगितलं, की यंदा लाकडं निम्मीच आहेत, सांभाळून वापरा. क्लॅरी पुढच्याच खुर्चीवर बसला होता. त्याने ऐकलं. नीट ऐकलं.

शुक्रवार, चौदा जुलै, म्हणजे जगाच्या या दक्षिण टोकाला ऐन हिवाळा. संध्याकाळचे साडेपाच, पण मिट्ट काळोख. टेगन आणि तिचा थोरला भाऊ जॉर्डी पिकअप घेऊन मिलच्या रस्त्याला लागले. त्या रस्त्यावर शेवटची घरं दोन. आधी क्लॅरीचं, मग लीशाचं. लीशा एकटी बाई, पदरात सहा महिन्यांचं मूल. क्लॅरीच्या फाटकाशी दिवे वळले, तर खांबावर बादली.

"चला, एक घर वाचलं," जॉर्डी म्हणाला. "हॉलमधलं जेवण गरम आहे तोवर पोचू."

टेगनने छपराकडे पाहिलं. धुराड्यातून धूर येत नव्हता. तीन वर्षांत जुलै महिन्यात ते धुराडं विझलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. 'थांब जरा' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सकाळी सातपासून ती लाकडं वाहत होती. मोजे ओले, बोटांना जाणीव नाही, पोटात भूक. आणि बादली तर समोर दिसत होतीच.

"चल," ती म्हणाली.

रविवारी दुपारी तो मला सापडला. खुर्चीत बसलेला. अंगात कोट, डोक्याला टोपी, हात खिशात. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वयच झालं होतं. असेल. पण किटलीतलं पाणी गोठलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. लाकडांच्या शेडमध्ये काडीसुद्धा नव्हती. जमीन झाडून स्वच्छ केलेली, झाडू भिंतीला टेकवलेला.

लीशा रडत रडत सांगत होती. गुरुवारी तो हातगाडीत घालून उरलेली सगळी लाकडं तिच्याकडे ओतून गेला होता. तिचं बाळ खोकत होतं म्हणून. 'तुम्हाला राहू द्या' म्हणाली, तर म्हणाला, 'माझ्याकडे ढीग पडलाय.' आणि तिच्या वाट्याची शुक्रवारची खेप कमी पडू नये म्हणून स्वतःच्या खांबावर बादली घातली.

सगळ्यांनी टेगनला समजावलं. पोरी, तुझी काय चूक? बादली होती ना? मीही तेच म्हणालो.  दफनाच्या वेळी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मंडळ मात्र तिने सोडलं. धूर नव्हता ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. वर्षभर एकटीने गिळून बसली होती ती पोर.

आता पुढचं नीट ऐका.

गेल्या साली, बारा जुलै. पुन्हा शुक्रवारच. संध्याकाळी जॉर्डीची पाठ धरली आणि एक भरलेली पिकअप हॉलबाहेर तशीच उभी राहिली. ती चालवायला कुणी नव्हतं. टेगनला तोवर परवाना मिळाला होता. मी तिला फोन केला.

"एकच घर आहे गं. लीशाचं."



"येते," म्हणाली.

सात वाजून दहा मिनिटांनी ती निघाली. एकटीच. हवा पडलेली, आभाळ निरभ्र, गवत दंवाने आत्ताच पांढरं होऊ लागलेलं. क्लॅरीचं घर आलं तेव्हा तिने नजर रस्त्यावरून ढळू दिली नाही. घर वर्षभर बंद होतं. वीज तोडलेली, किल्ली तिकडे शहरात, हॉबार्टला, त्याच्या भाचीकडे.

लीशाने अर्धीच लाकडं उतरवून घेतली. "माझ्या भावाने आणून टाकलीत गं यंदा. बाकीची ने, कुणाला तरी होतील." बाळ आता चालायला लागलं होतं. टेगनच्या बुटाला धरून उभं राहिलं. ती तिथे फार थांबली नाही.

परत फिरली तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. गाडीत अर्धी लाकडं तशीच. वळण आलं. दिव्यांचा उजेड क्लॅरीच्या खांबावर पडला.

खांब रिकामा होता.

रिकामाच असणार म्हणा. ती बादली दफनाच्या दिवशी टेगनने उचलून नेली होती, तिच्या पलंगाखाली पडून होती. पण तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बादली नाही, म्हणजे थांबायचं. तीन वर्षांची सवय होती ती.

तिने फाटक ढकललं. गाडी आत घेतली. दिवे शेडवर रोखले आणि लाकडं उतरवायला लागली. का, ते तिलाही सांगता येईना. नुसती वाहत होती. एक कवळा. दुसरा. तिसरा…

चौथ्या खेपेला ती गाडीपाशी होती. मागे आवाज झाला.

ठक.

लाकडावर लाकूड ठेवल्याचा.

ती थांबली. कान देऊन ऐकलं. काही नाही… वॉलाबी असेल, छोटं कांगारू. ती वळली, शेडपाशी आली. घाईत तिने एक लाकूड साल खाली करून ठेवलं होतं. तिला पक्कं आठवत होतं. आता त्याची साल वर होती.

आपणच ठेवलं असेल, ती मनाशी म्हणाली.

मग तिने एक लाकूड मुद्दाम उलटं ठेवलं. साल खाली. पाहून ठेवलं. गाडीकडे चालू लागली. वळून बघितलं नाही. सात पावलं. आठ…

ठक.

  मागे फिरायला हवं… गाडीत बसायला हवं… ती मागे फिरली.

साल वर.

शेडमध्ये कुणी नव्हतं. दिव्यांचा उजेड, तिची स्वतःची सावली, आणि भिंतीला टेकवलेला झाडू. बास.

मी असतो तर पळालो असतो. ब्रॉडी, तूही पळाला असतास, छाती काढू नकोस. ती पळाली नाही. ती खाली बसली. तिथेच, मातीत.

"क्लॅरीकाका…"

काही नाही.

"धूर नव्हता. मला दिसलं होतं… मला दिसलं होतं, काका. जॉर्डीला नाही, मला. आणि मी म्हणाले, चल…"

काही नाही. वारा नाही. पान हललं नाही. 'असू दे गं' असं कुणी म्हणालं नाही. ती वाट बघत बसली. किती वेळ, तिला ठाऊक नाही. मग रडू आलं. वर्षभराचं रडू होतं ते. मोठ्याने, लहान पोरीसारखी रडली.

रडणं ओसरल्यावर ती उठली. उरलेली लाकडं रचली. आता मागे आवाज आला तरी ती थांबत नव्हती. थप्पी पुरी झाली. गाडीत एकच लाकूड उरलं होतं, मधोमध मोठी गाठ असलेलं. ते तिने वर आडवं ठेवलं.

"हे आधी घाला," ती म्हणाली. "शेवटी आलंय. फार गारठलंय."

साडेनऊला तिने माझं दार वाजवलं. चेहरा पांढराफटक, कोपरापर्यंत माती. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने धुरापासून सगळं सांगितलं. मग मीही तिला सांगितलं, की पोरी, तू एक संध्याकाळ चुकलीस, मी वीस वर्षं चुकत होतो. माणसाला 'कसे आहात' असं विचारायचं सोडून मी त्याच्या दारात बादली ठेवली.  दार वाजवायचा नियम त्या रात्री ठरला, इंडी. तिनेच ठरवला. बादली असो वा नसो, उतरायचं, दार वाजवायचं आणि माणूस डोळ्यांनी बघायचा.

सकाळी सातला आम्ही दोघं तिथे गेलो. उजेड नुकताच फुटत होता. दंव असं गोठलेलं, की अंगण मीठ पसरल्यासारखं दिसत होतं. त्याच्यावर पाऊल एकही नाही. घराच्या दाराला कुलूप, कुलपाच्या भोकावर कोळ्याचं जाळं, तेही गोठलेलं. मी खिडकीतून आत पाहिलं. खुर्ची होती, शेगडीचं दार लावलेलं होतं, सगळीकडे धूळ.

शेडमध्ये थप्पी उभी होती. सरळ, घट्ट, एकूण एक साल वर. इतकी नीट थप्पी मी त्या मिलमध्येच पाहिली होती, चाळीस वर्षांपूर्वी.

पण वर आडवं लाकूड नव्हतं.

टेगनने मागे शोधलं, खाली शोधलं. मी म्हटलं, रात्री छपरांवर फिरणाऱ्या एखाद्या पॉसमने पाडलं असेल. हसू नकोस ब्रॉडी, तू आत्ता जे म्हणणार होतास तेच मी म्हणालो. गाठीचं जड लाकूड, पॉसम कुठे नेणार ते? पण म्हणालो.

टेगनने माझी बाही ओढली आणि वर बोट केलं.

घराचं छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत दंवाने पांढरं होतं. फक्त धुराड्याभोवती, हातभर गोल, पत्रा काळा आणि ओला होता. आणि तेवढ्या जागेवरून थेंब थेंब पाणी गळत होतं.