कोवळ्या ताऱ्याची धूळ

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गच्चीवरच्या दिव्याला काळा मोजा घालत होता.

"थंडी वाजते का त्याला?" वाळलेले कपडे काढता काढता तिने विचारलं.

तो स्टुलावरून पडता पडता वाचला. "नाही हो... मला अंधार हवाय." आणि मग घाईघाईने, "म्हणजे, फोटोसाठी!"

तो लिफ्टचा मेकॅनिक, पाचव्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. ती खालच्या चष्म्याच्या दुकानातली, दादा-वहिनींच्या हाताखाली तयार झालेली. हा पठ्ठ्या रात्री दुर्बिणीला कॅमेरा जोडून एका कोवळ्या ताऱ्याचे फोटो काढत होता. भोवती धुळीचा ढग, आणि ताऱ्याच्या उजेडाने ती धूळच निळी झालेली. एकेक फोटो पाच मिनिटांचा. असे शेकडो एकावर एक रचले, तर कुठे ती निळाई दिसणार. तोवर करायचं काय? गप्पा! पहिल्या रात्री ती "जरा बघायला" थांबली. सहाव्या रात्री दोघांपुरता चहा घेऊनच वर आली.

"एवढे कपडे आहेत तरी का आपल्याकडे, रोज वाळत घालायला?" वहिनीने विचारून घेतलं.

"आता शेवटचं काम," सहाव्या पहाटे तो म्हणाला. "उजाडलं की दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून कोरे फोटो काढायचे. धुळीचे डाग त्यात उमटतात, मग ते खऱ्या फोटोंतून वजा करता येतात. तोवर धुळीचा कणही हलता कामा नये, हं!"

एवढं बजावून तो कापड आणायला खाली गेला... आणि तिची नजर दुर्बिणीच्या काचेवर गेली. केवढी ती धूळ! मळकी काच दिसली की तिचा हात आपोआप चालतो. गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्माही तिने पुसलाय. खिशातलं फडकं कधी निघालं, कधी फिरलं, तिलाही कळलं नाही. कळलं तेव्हा काच लख्ख झाली होती. सहा रात्रींवर पाणी!

ती तशीच खाली पळाली. दोन दिवस गच्चीकडे फिरकली नाही. कुठल्या तोंडाने जाणार? आवडत होता तो तिला, फार आवडत होता, आणि तिनेच...

तिसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात हजर. वहिनी नेमकी आत गेली.

"बिघडला ना फोटो?" तिने डोळे मिटूनच विचारलं. "काच मी पुसली. सवयच मेली तसली!"

"कुठली? पुढची, मोठी?"

"हो..."

तो हसायलाच लागला. "अहो, तिच्यावरची धूळ फोटोत दिसतच नाही! डाग पडतात ते आतल्या, कॅमेऱ्याजवळच्या धुळीचे." त्याने मोबाइल पुढे केला. काळोखात निळा उजेड पांघरलेला तारा. डाग औषधालाही नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. "मग कणही हलता कामा नये, असं बजावलंत कशाला?"

"भाव खात होतो," त्याने मान खाली घातली. "पण तुम्ही आला नाहीत... वाटलं, मीच काहीतरी बिघडवलं. फोटो काय, पुन्हा काढता येतो. तुम्ही आला नाहीत, तर मात्र मला काही सुचत नाही."

आतून वहिनी खोकली.

"आज आभाळ भरून आलंय," तो हळूच म्हणाला. "एकही तारा दिसणार नाही. तरी याल?"

"येते," ती म्हणाली. "दुर्बीण आणू नका."