घरासमोरचा खांब आधी का नाही?

वादळाला दोन दिवस झाले तरी कातळवाडीत वीज आली नव्हती. इरावतीच्या घरासमोरच विजेचा खांब आडवा पडला होता, आणि दुरुस्तीची गाडी मात्र त्याला वळसा घालून पुढे निघाली!

इरावती धावत सुटली. "ओ काका, थांबा! खांब इथे पडलाय!"

गाडीतून लाइनमन देवाजी मडावी उतरले. कोकणच्या मदतीला ते थेट गडचिरोलीहून आले होते.

"माझे आजोबा प्राणवायूच्या यंत्रावर आहेत. सिलिंडर संपले, आता बॅटरी दोनच तास पुरेल, आणि तुम्ही चाललात!" इरावती ओरडलीच.

"हा खांब आता उभा केला तरी वीज येणार नाही, बाई." देवाजींनी टॅबलेटवरचा नकाशा दाखवला. "वीज उपकेंद्रातून (आसपासच्या गावांना वीज वाटणारं ठिकाण) निघते. तिकडे खाडीजवळ मुख्य तारच तुटलीय. ती जोडली की सात वाड्यांत वीज येईल. मग तुमचा खांब."

"हे ठरवतं कोण?"

"नियोजक (कामांचा क्रम लावणारा संगणक). एक्केचाळीस ठिकाणी मोडतोड, आमच्या तुकड्या तीन, क्रेन एकच. नुसती दहा कामं घेतलीस, तरी ती छत्तीस लाखांहून जास्त क्रमांनी करता येतात! त्यातून तो असा क्रम शोधतो, की कमीत कमी वेळात जास्तीत जास्त घरांत वीज पोचेल. दवाखाने आणि पाण्याचे पंप आधी."

"आणि आजोबा?"

"ते त्याला कुणी सांगितलंच नाही." देवाजींनी लगेच नोंद केली. नियोजकाने पुन्हा हिशेब मांडला. खाडीचं काम पहिलंच राहिलं. पण शेजारच्या गावी औषधं नेणारी गाडी मोठी बॅटरी घेऊन इकडे वळली.

चाळीस मिनिटांत आजोबांच्या यंत्राला ती जोडली गेली. खाडीवरची तार जोडून देवाजी परतले, खांब उभा राहिला आणि संध्याकाळी पाचला घरातला पंखा फिरू लागला.

आजोबांनी नाकातली नळी काढून हात जोडले. "तुमचे उपकार..."

"आधी नळी लावा, बाबा!" देवाजी हसले.

आईने सगळ्यांना जेवू घातलं. गडचिरोलीतल्या पुराच्या कामावरून देवाजी परस्पर इकडे आले होते; अकरा दिवस ते घरी गेले नव्हते, हे तेव्हा कळलं.

"काका, मी तुमच्यावर ओरडले," इरावती हळूच म्हणाली.

"बरं केलंस. नाहीतर आम्हाला कळलं असतं कसं?"

पुढच्या रविवारी इरावती वाडीतल्या चौसष्ट घरांत जाऊन आली. कुणाकडे श्वासाचं यंत्र आहे, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, सगळं विचारलं. अशी पाच घरं निघाली. नियोजकात त्यांची नोंद झाली. महिन्याभराने देवाजींचा निरोप आला: गडचिरोलीतल्या शाळांमधली मुलंही आता घरोघर विचारत फिरत होती.