दाब, दादा

वीज गेली की लेथवाले काका दुकानाच्या पायरीवर येऊन बसत आणि त्यांच्याभोवती आम्ही. ही हकीकत त्यांनी तिथेच सांगितली. शेजारच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीच्या तोंडून त्यांनी ती ऐकली होती. पदरचे काही घातलेले नाही, एवढे त्यांनी आधीच बजावले.

मिस्त्री आणि त्याचा थोरला भाऊ वडिलांच्या गॅरेजमध्येच वाढले. गाडीचा हॉर्न तपासायचा तर दोन माणसे लागतात. थोरला स्टिअरिंगवर बसे, धाकटा बॉनेटखाली वाके. वर उचललेल्या बॉनेटमुळे एकमेकांचे तोंड दिसत नसे. सगळा व्यवहार आवाजावर चाले. म्हणून थोरला बसल्याबरोबर दाराची काच चार बोटे खाली करी. मग ‘दाब, दादा’, ‘सोड, दादा’. वडील वारले, पाटीवर नाव कोणाचे यावरून दोघांत बिनसले आणि थोरला जुना पिकअप घेऊन भाडी मारू लागला. अबोला पडला तो पडलाच.

एका दुपारी तो पिकअप गॅरेजच्या दाराशी येऊन थांबला. थोरल्याने हॉर्न दाबलेला मिस्त्रीला आतून दिसला. आवाज मात्र आला नाही. थोरल्याने पुन्हा दाबला. काच चार बोटे खाली होती. हॉर्न बिघडला आहे हे मिस्त्रीच्या लगेच ध्यानात आले. पण गरज त्याला आहे, येईल उतरून, असे मनाशी म्हणत तो पाना फिरवत राहिला. थोरला उतरला नाही. थोड्या वेळाने गाडी निघून गेली.

त्याच महिन्यात एका आंधळ्या वळणावर समोरून ट्रक आला आणि थोरला जागीच गेला. ट्रकवाला शेवटपर्यंत एकच सांगत होता, की हॉर्न ऐकूच आला नाही.

 

जानेवारीतला दुसरा मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा. पत्रा ठोकून सरळ केलेला पिकअप वहिनीच्या अंगणात उभा होता. सकाळी गिऱ्हाईक येणार होते, आणि हॉर्न वाजल्याशिवाय ते गाडी घेणार नव्हते. वहिनीचे पुढचे सारे त्या विक्रीवर अवलंबून होते, म्हणून तिने नाइलाजाने दिराला निरोप धाडला. दिवसाउजेडी त्या अंगणात पाऊल टाकायला मिस्त्री धजला नाही.

चालकाच्या बाजूचे दार अपघातात चेपून घट्ट बसले होते. त्याची काच पूर्ण वर जाऊन अडकली होती आणि ती फिरवायची मूठ तुटून गेली होती. वहिनी पलीकडच्या दाराने चढली आणि सरकत स्टिअरिंगपाशी बसली.

मिस्त्रीने फ्यूज पाहिला; तो शाबूत होता. हॉर्नच्या तारेला टेस्ट लॅम्प लावून तो म्हणाला, “दाबा, वहिनी.” रिलेची टिक ऐकू आली आणि दिवा लागला. म्हणजे वीज हॉर्नपर्यंत पोचत होती, दोष अर्थिंगचा होता. हॉर्न ज्या बोल्टवर बसवलेला होता तो गंजून गेला होता. मिस्त्रीने बोल्ट बदलला आणि कानशीने पत्रा खरवडून चकचकीत केला. काम करता करता हाताबरोबर जीभही जुन्या वळणावर गेली असावी. शेवटचा आटा आवळताना तो बोलून गेला,

“दाब, दादा.”

हॉर्न वाजला. खणखणीत.

मिस्त्रीने जीभ चावली. वहिनीने ऐकले असेल, या विचाराने तो ओशाळला.

“सोडा, वहिनी.”

हॉर्न वाजतच राहिला.

“वहिनी, सोडा…”

हॉर्न वाजतच राहिला.

“सोड… दादा.”

थांबला.

आणि मागून, घराच्या दारातून, वहिनीचा आवाज आला. “भावोजी, वाजला वाटतं? तुमची कानस चालू होती, म्हणून मी शाल आणायला आत आले होते.”

“काका, वायर कुठे तरी चिकटली असेल,” आमच्यातला एकजण पुटपुटला.

“असेल. तू शिकलेला आहेस. जाऊन बसतोस का त्या सीटवर?”



बॉनेट अजून वरच होते. पलीकडचे काही दिसत नव्हते. मिस्त्रीने ते खाली केले नाही. कितीतरी वेळ.

मग म्हणाला, “दादा… गॅरेजात ये.”

काही नाही.

“चुकलो मी. ये ना…”

रिलेची टिकसुद्धा नाही.

वहिनी शाल आवळून शेजारी उभी होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मिस्त्रीला तेच सोसवले नाही.

“तुमच्या दारापर्यंत येऊन परतले होते ते. घरी येऊन म्हणाले, त्याने हाक मारली नाही.” तिने उघड्या बॉनेटकडे पाहिले. “आता मारताय होय?”

मिस्त्रीने बॉनेट खाली केले. आत अंधार होता. त्याने हत्यारे गोळा केली आणि मागे न पाहता तो घरी गेला.

सकाळी गिऱ्हाईक आले तेव्हा तो पुन्हा अंगणात हजर होता. हॉर्न वाजवून पाहून गिऱ्हाईक खूश झाले. व्यवहार झाला. गाडी सुरू करून निघताना त्याने सहज विचारले,

“बाकी सगळं ठीक आहे, मिस्त्री. पण थंडीचे दिवस आहेत, ही काच चार बोटं खाली राहिलीय. मूठ तर नाहीच. खाली केली कशी तुम्ही?”