बंदराच्या कोपऱ्यावरचे दोन हिसके

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. आई माझी होती, दोरावरचा हात माझा होता, म्हणून सांगते.

रात्र नव्हती. गेल्या फेब्रुवारीतली भर दुपार. इटलीतलं त्रिएस्ते, बंदराकडे वळणारा कोपरा.

मी नीवेस. पर्यटकांना जुनं शहर पायी फिरवते. बोरा वारा सुटला की आमच्या कोपऱ्यांवर दोर बांधतात. माणूस उडून जातो, चेष्टा नाही. ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्हा गाईड लोकांची खूण ठरलेली. दोराला दोन हिसके म्हणजे "थांबा". एक हिसका म्हणजे "कळलं".

तीन वर्षांपूर्वी माझी बहीण ओंदिना रांगेत शेवटी होती. मी पुढे.

दोन हिसके आले होते.

मी थांबले नाही. पर्यटकांचं जहाज चारला सुटणार होतं, आणि कंपनीचा साहेब हीटरजवळ बसून फोनवर बोंबलत होता, "फेरी रद्द करायची नाही."

नंतर वळून पाहिलं तर... दोर नुसता हलत होता.

ओंदिना तिसऱ्या दिवशी धक्क्याखाली सापडली.

तेव्हापासून मी शेवटी चालते. आणि बोरा असला की त्या कोपऱ्यावर... माझ्या मागून दोन हिसके येतात.

वळून बघायची हिंमत कधी झाली नाही.

आईला सांगितलं. तिथेच चुकले.

"उत्तर देतेस का?" बोरा सुटला की ती विचारायची.

"नाही."

"परक्यांना हाताला धरून फिरवतेस. सख्ख्या बहिणीला एक हिसका द्यायला हात झिजतो का गं?"

"आई, ती मेलीय."

"म्हणून तर गप्प आहे. जिवंत असती तर शिव्या घातल्या असत्या तुला."

त्या सकाळीही हेच. मी दार आपटून निघाले.

कोपरा आला. माझ्या पुढे क्लेमेन्स नावाचे ऑस्ट्रियन म्हातारे मास्तर.

एक हिसका...

दुसरा.

क्लेमेन्स वळले. माझ्या कानाशी ओरडले, "बाई, मागून कोण ओढतंय?"

आजवर हे दुसऱ्या कोणाला जाणवलं नव्हतं.

"कोणी दिसतंय का?" मी न वळताच ओरडले.

त्यांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं.

"कोणीच नाही."

मी डोळे मिटले. एक हिसका दिला.

कळलं गं, बाई.

दोर सैल पडला... एकदम.

सुटले, असं वाटलं. रडत रडतच सगळ्यांना जहाजावर पोचवलं.

घरी आले. दार उघडं. आईचा कोट नाही.

तशीच कोपऱ्याकडे पळाले. तिथला बेकरीवाला सिल्वानो दुकान बंद करत होता.

"म्हातारी ना? दुपारी इथेच होती की. दोर धरून तुझ्या मागे चालली होती, पाच पावलांवर. मला वाटलं, तूच आणलीस."

"किती वाजता?"

"तुमची रांग गेली तेव्हाच. हाकही मारत होती तुला."

आई चौथ्या दिवशी सापडली. त्याच धक्क्याखाली.

हिसके आईचे होते, तर क्लेमेन्सना ती दिसली कशी नाही? ओंदिनाचे होते, तर ती मला कोणासाठी थांब म्हणत होती? पोलीस म्हणाले, वारा. कंपनीने फुलं पाठवली आणि सोमवारची फेरी माझ्याच नावावर लावली.

आता त्या कोपऱ्यावर चार हिसके येतात. दोन जोरात...

दोन हलके.

मी उत्तर देत नाही. वळतही नाही. वळायचं तेव्हा वळले नाही. आता मागे जे दिसेल, ते मला बघायचं नाही.