तुष्याचा पूल

पडद्यावर पूल होता आणि रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. खेळातला टोपीवाला बुटका खाईच्या काठावर आला आणि सरळ हवेवरून चालत पलीकडे गेला. शर्वाणीने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. आजोबांनी एकदाच पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"झालं. ताई म्हणणार, तुष्या, रडीचा डाव."

ताई म्हणजे आजोबांची मोठी बहीण, मेघनाआजी. गुडघ्यांना चंद्र मानवतो म्हणून ती तिथल्या वसाहतीत राहायला गेली होती. लहानपणी मिरजेत दोघं हा खेळ खेळत. एका दुपारी ती पाणी प्यायला उठली, तेवढ्यात तुषारने, म्हणजे आजोबांनी, पूल पार केला आणि नेमकी वीज गेली. ताईने विश्वास ठेवला नाही, तो आजतागायत. खेळाचं ते यंत्र कधीच भंगारात गेलं. पण यंदा आजोबांना एम्युलेटर (जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) मिळाला. महिनाभर अंगठे झिजवून त्यांनी पूल पुन्हा पार केला. आज भाऊबीजेला ताईला हीच ओवाळणी घालायची होती आणि संध्याकाळी तिचा फोन येणार होता.

"संगणक दमला असेल," शर्वाणी म्हणाली. तिने बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. आजोबांनी दाबलेली बटणं एम्युलेटरने जपून ठेवली होती, त्यामुळे खेळ तसाच्या तसा पुन्हा चालला. घरातला यंत्रमानव गुंड्या याने पुन्हा रेकॉर्डिंग केलं. पूल नाहीच.

आजोबा जन्मभर दुर्बिणी बनवणारे शास्त्रज्ञ. चिडले तरी विचार सोडायचे नाहीत. "खेळताना पूल दिसतो, म्हणजे खेळ ठीक आहे. चोर रेकॉर्डिंगमध्ये आहे. गुंड्या, सेकंदाला किती फ्रेम (हलत्या चित्रातली एकेक स्थिर चित्रं) घेतोस?"

"पंचवीस. खेळ पन्नास दाखवतो. एक सोडून एक घेतली की जागा निम्मी लागते." काटकसरीचा गुंड्याला भारी अभिमान.

आजोबांनी एका हातात चकली घेतली, दुसऱ्यात लाडू. "शर्वाणी, मी आळीपाळीने दाखवतो. तू एक सोडून एक वेळा डोळे उघड."

"लाडू," शर्वाणी म्हणाली. "लाडू. पुन्हा लाडू. आजोबा, चकली दाखवताय ना?"

"दाखवतोय की. तू नेमके तेव्हा डोळे मिटतेस. आता उघडे ठेव." त्यांनी हात भराभर हलवले. चकली आणि लाडू दोन्ही एकदमच दिसल्यासारखे वाटले.

"याला दृष्टिसातत्य (पाहिलेलं चित्र क्षणभर टिकून राहणं) म्हणतात," आजोबा म्हणाले. "जुन्या यंत्राची ताकद बेताची. पूल आणि खाईतली गिधाडं एकाच फ्रेममध्ये काढणं त्याला झेपत नसे. म्हणून एका फ्रेममध्ये पूल, पुढच्या फ्रेममध्ये गिधाडं. आपले डोळे ती सांधून घेतात."

"आणि गुंड्याच्या वाट्याला सगळी गिधाडंच आली," शर्वाणी म्हणाली.

गुंड्या ओशाळला. "मग साठ घेतो. जास्त असलेली बरी."

"नको रे," शर्वाणी म्हणाली. "पन्नासातून साठ कुठून आणशील? दहा चित्रं दोनदा घ्यावी लागतील आणि बुटका अडखळत चालेल. खेळ जेवढी दाखवतो तेवढीच घे."

आजोबांनी हातातला लाडू तिला भरवला. इतका आनंद त्यांना पूल पार करतानाही झाला नव्हता.

भाऊ दूर असला की पृथ्वीवरची बहीण चंद्राला ओवाळते. मेघनाआजी चंद्रावरून पृथ्वीला ओवाळायची. संध्याकाळी ती विजेचं निरांजन घेऊन पडद्यावर आली. आजोबांनी आधी रेकॉर्डिंग लावलं. पूल लुकलुकत होता, पण होता. बुटका एकेक फळी ओलांडत पलीकडे गेला.

चंद्रावरून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. आज जास्त लागले.

"हा खेळ मला पाठव," मेघनाआजी म्हणाली. "शर्वाणी, आपण दोघी मिळून खेळू."

"अडीच सेकंदांचं काय करायचं, ते मी बघते," शर्वाणी म्हणाली.

मेघनाआजीने निरांजन उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. "तेव्हाही पार केला होतास तू, तुष्या," ती म्हणाली. "मीच रडी खेळले."

आजोबांनी डोळे पुसले आणि पाटावर नीट बसले.