जाळं आतून फाटलं होतं

राही मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती गोलात उभी होती, आणि मला तो गोल मोजायचा होता.

१९८३ चा डिसेंबर. रत्नागिरीत बंदराजवळच्या मैदानावर शाळांच्या फुटबॉलचा अंतिम सामना होता. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, वय सव्वीस. मुंबईला जाऊन पंचांची परीक्षा पास झालो होतो. आमच्या भागात तेव्हा असा पंच मी एकटाच, त्यामुळे मान जरा ताठ असायची. खिशात नियमांचं पुस्तक, गळ्यात शिट्टी, हातात टेप.

गोलांना लावायला जाळी नव्हती. शेजारच्या खारवीवाड्यातल्या काशीराम तांडेलांनी आपलं होडीवरचं जुनं जाळं दोन तुकडे करून दिलं होतं. ते खांबांना बांधायला त्यांची मुलगी आली होती. दातांत दोरा, हातात जाळं विणायची लाकडी सुई.

"जरा बाजूला व्हा," मी म्हटलं. "गोल मोजायचाय."

"मोजा की," ती वळूनही न बघता म्हणाली. "मी मध्ये राहिले म्हणून काय तो आखूड होतो?"

मोजला. आडवा बांबू दोन बोटं खाली होता. मी माणसं बोलावून खालची वाळू उकरून घेतली. अर्धा तास गेला. ती हात कमरेवर ठेवून बघत होती.

"पोरांची उंची मोजलीत काय वो? तीपण दोन बोटं कमी भरेल."

"नियम म्हणजे नियम."

"होय तर. नाव काय तुमचं?"

"सखाराम."

"मी आपली शिट्टी म्हणतंय. लक्षात राहायला बरं."

मला राग आला. पण ती हसली तेव्हा मी टेप गुंडाळायचा विसरलो, हेही खरं.

एका बाजूला शहरातली शाळा होती, सगळ्यांच्या पायांत बूट. दुसऱ्या बाजूला खारवीवाड्याची शाळा, सगळे अनवाणी. ओहोटीला ओल्या वाळूवर खेळून शिकलेली ती मुलं. राहीचा भाऊ बाबल्या त्यांच्यात सगळ्यांत पुढं खेळायचा. चौदा वर्षांचा होता. परीक्षा झाली की तो बापाबरोबर होडीवर जाणार, हे ठरलेलं होतं. जिंकणारा संघ कोल्हापूरला जाणार होता. त्या अकरा जणांतल्या एकानंही कोल्हापूर पाहिलं नव्हतं, आणि बाबल्याला ही एकच संधी होती. बरोबरी झाली असती तर आधीच्या सामन्यांतल्या गोलांवर शहराची शाळा पुढं गेली असती.

सामना दुपारी दोनला सुरू झाला. वाळू तापलेली. बाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकताना दोन्ही पाय जमिनीला टेकलेले लागतात, असा नियम आहे. खारवीवाड्याची मुलं फेकताना पाय उचलत. मी शिट्टी वाजवून चेंडू दुसऱ्यांना देत होतो. एकदा, दोनदा... सात वेळा.

सातव्या वेळी काठावरून आवाज आला, "अहो शिट्टी! पाय भाजतो त्याचा! तुमचे बूट काढून उभे राहा बगू!"

सगळं मैदान हसलं. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणजे, बघितलं... पण रागानं.

चार मिनिटं राहिली होती. शून्य-शून्य. बाबल्यानं लांबून चेंडू मारला. मी मागं राहिलो होतो आणि नेमकी दोन मुलं माझ्या डोळ्यांसमोर आली. ती बाजूला झाली तेव्हा चेंडू गोलाच्या मागं, जाळ्याच्या बाहेर वाळूत पडला होता. बाबल्या हात वर करून नाचत होता. त्या बाजूच्या रेषेवर शहरातल्या शाळेचे मास्तर निशाण घेऊन उभे होते. त्यांनी मान हलवली, "मला नाही दिसलं."

मी हात केला, गोल नाही. चेंडू बाहेरून गेला.

अकरा मुलं माझ्याभोवती जमली. बाबल्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "साहेब, आतून गेला. देवाशपथ आतून गेला."

"मी पाहिलं नाही. न पाहिलेला गोल देता येत नाही. जागेवर जा."

मी शिट्टी तोंडात धरली, आणि बघतो तर राही गोलात मांडी घालून बसलेली.

"मैदानाबाहेर व्हा!"

"भोक पडलंय जाळ्याला. फाटक्या जाळ्यावर खेळवायचं, असं लिहिलंय काय पुस्तकात?"

तसं लिहिलेलं नव्हतं. मी तिच्यापाशी गेलो. तिनं सुईला हातही लावला नव्हता. ती नुसती त्या भोकाकडं बघत होती.

"शिवा ना मग."

"शिवते. आधी बगा तरी. सकाळी मी सगळ्या घरांवरनं हात फिरवलाय. एक घर तुटलेलं नव्हतं." जाळ्याच्या भोकांना ती घरं म्हणायची. "जाळं फाटतं ते दोन तऱ्हांनी. बाहेरनं कासव घुसलं तर तुटलेली टोकं आत वळतात. आतनं मोठा मासा निसटला तर बाहेर. आमच्या बाबांना नुसत्या हातानं कळतं काय आलं होतं आणि काय गेलं."

"म्हणजे गोल झाला म्हणताय?"

"मी कशाला म्हणू? बाबल्या माझा भाऊ. माझं कोण खरं मानणार?" ती हळू बोलत होती. आता आवाजात थट्टा नव्हती. "मी काय पण सांगत नाय. तुम्ही हात लावा."

"मी डोळ्यांनी पाहिलं नाही हो..."

"म्हणून तर म्हणतंय, हात लावा."

मी गुडघ्यांवर बसलो. पिढ्यानपिढ्या नांगर धरणाऱ्या घरातला मी, मासेमारीचं जाळं कधी हातात घेतलं नव्हतं. भोकाच्या कडेनं बोटं फिरवली. एक टोक, दुसरं, तिसरं... सहा टोकं होती. सहाच्या सहा बाहेरच्या बाजूला वळलेली. ताण बसून दोरा ओढला गेला होता, आणि त्याला चेंडूची वाळू चिकटली होती.

पुस्तक मला पाठ होतं. पण समोर घडून गेलेली गोष्ट अशी दोऱ्यात वाचता येते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या चपळ, मिठानं खरखरीत झालेल्या बोटांकडं मी देवळात बघावं तसं बघत राहिलो.

"एकदा सांगितलेलं बदलता येत नाय काय तुम्हाला?" तिनं विचारलं.

"येतं. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत बदलता येतं."

"मग? झालाय सुरू?"

तेव्हा मला कळलं, ती मघापासून मांडी घालून का बसली होती.

मी उठलो, शिट्टी वाजवली आणि मैदानाच्या मध्याकडं हात केला. गोल.

पुढची चार मिनिटं कशी गेली आठवत नाही. एवढं आठवतं की शहरातल्या एका मुलाच्या बुटाचा तळ निघाला होता. चेंडू फेकताना त्याचा पाय वर गेला आणि मी शिट्टी वाजवली नाही.

काठावरून लगेच आवाज, "शिट्टी हरवली काय वो?"

मैदानावर मी आयुष्यात पहिल्यांदा हसलो.

तक्रार झालीच. गोल पंचानं दिला की तांडेलाच्या पोरीनं, असं विचारणारं पत्र समितीकडं गेलं. मी होतं तसं लिहून दिलं. निकाल कायम राहिला, पण बाहेरच्या माणसाला मैदानात बसू दिलं म्हणून मला तीन महिने शिट्टी बंद झाली. मुलं कोल्हापूरला गेली, पहिलाच सामना पाच गोलांनी हरली आणि रंकाळा बघून आली. बाबल्या वर्षभर मिसळीबद्दल बोलत होता.

माझे रविवार मोकळे झाले. मी खारवीवाड्यात जाऊ लागलो. सांगायला कारण होतं, जाळं शिवायला शिकायचं. काशीराम तांडेल पडवीत बसून माझ्या गाठी बघायचे आणि मान हलवायचे. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "पंच, जाळं बघायला येता की पोरगी?"

खोटं बोलायची मला सवय नव्हती. "दोन्ही," मी म्हटलं.

ते आत गेले. मग राही बाहेर आली, हातात चहाचा कप.

"बाबा म्हणतात, माणूस सरळ आहे, पण गाठ सुटते त्याची."

"शिकेन."

"किती दिवस लागतील?"

"तू शिकवलंस तर... बरेच दिवस लागू देत."

ती लाजली नाही. माझ्यासमोर बसली, माझी सुटलेली गाठ उकलली आणि पुन्हा घातली. खाली मान घालूनच म्हणाली, "मी होय म्हटलं, आणि उद्या तुमचं मन बदललं तर? तुमचा नियम आहे ना तसला."

"खेळ सुरू होईपर्यंतच बदलता येतं," मी म्हटलं. "एकदा सुरू झाला की नाही."

"मग लवकर सुरू करा वो," ती म्हणाली.

वैशाखात आमचं लग्न झालं. सदतीस वर्षं तिनं मला शिट्टीच म्हटलं. घरी, बाजारात, मुलांसमोर. कोण काय म्हणेल याची तिला पर्वा नव्हती.

शेवटी ती दवाखान्यात होती, तेव्हा एका सकाळी तिनं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"एक विचारू? इतकी वर्षं विचारलं नाय. त्या दिवशी खरंच हाताला कळलं होतं... की माझ्याकडं बघून दिलात गोल?"

"हाताला कळलं," मी म्हटलं. "तुझ्याकडं बघून दिला नाही."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू आलं.

"थोडं तरी बघायचंत," ती म्हणाली.

मी तिचा हात हातात घेतला. बोटं अजून तशीच खरखरीत होती. म्हटलं, "गोल दिला, आणि मग बघितलं. तेव्हापासून बघतोच आहे."

तिला जाऊन आता चौदा महिने झाले. त्या गोलाचं जाळं माळ्यावर आहे. गोल दिल्यावर तिनं ते भोक तिथंच शिवलं, तेव्हा पांढरा दोरा संपला होता म्हणून हिरवा वापरला. पाऊस सरला की मी ते खाली काढतो, अंगणात उन्हात पसरतो आणि डोळे मिटून हात फिरवतो. हिरवा दोरा कुठं आहे ते मला अजून नुसत्या हातानं कळतं.